रेणूची स्मृती : विरल मृत्तिकांच्या चुंबकत्वाची कथा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी वर्गात एखादी गोष्ट सांगून झाली की, 'आता हे तुमच्या शब्दांत सांगा' असे म्हणत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी अनेकदा ऐकले आहे. त्यांच्या त्या आग्रहाचे स्मरण ठेवूनच मी आजचा विषय निवडला. माझे सारे आयुष्य मराठी भाषा आणि वाङ्मय शिकवण्यात गेले. विज्ञानाचा मी अधिकारी नव्हे. तरीही स्मृतिव्याख्यानात 'स्मृती' या शब्दाचाच विचार करावा असे मनात आले, तेव्हा लक्षात आले की पदार्थविज्ञानात या शब्दाला एक अगदी नेमका अर्थ आहे. चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही जो पदार्थ आपली दिशा विसरत नाही, त्याला स्मृती आहे असे शास्त्रज्ञ म्हणतात. ही स्मृती किती लहान वस्तूत राहू शकते, या एका प्रश्नामागे गेल्या शतकातील अनेक माणसे लागली. त्या शोधातील काही महत्त्वाची पावले आपल्या मुंबईत पडली आहेत. मराठीत मात्र त्यांची नोंद क्वचितच आढळते. ती नोंद करावी, एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

चुंबकाविषयीचे कुतूहल आपल्याकडे प्राचीन आहे. कणादांच्या वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात सुईचे चुंबकाकडे सरकणे हे 'अदृष्ट' कारणाने घडते असे म्हटले आहे. सांख्यांनी याच अयस्कांताचा दृष्टान्त घेतला. स्वतः न हलता चुंबक लोखंडाला हलवतो, तसा निष्क्रिय पुरुष प्रकृतीला प्रवृत्त करतो, हा त्यांचा युक्तिवाद होय. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा परामर्श आहे आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात तो खोडून काढला आहे. पण कणादांच्या 'अदृष्ट' या शब्दातील प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो. कारण दिसत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. ते दिसू लागण्यासाठी पुढे दोन गोष्टी लागल्या : एक अपूर्व द्रव्य आणि एक अचूक तराजू.

द्रव्याची कथा केलगेरीएवढ्याच एका लहान गावापासून सुरू होते. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम, तिच्याजवळच्या बेटावरील या गावाचे नाव इटर्बी. तेथील खाणीत १७८७ साली कार्ल आक्सेल अर्हेनियस या लष्करी अधिकाऱ्याला एक जड, काळा दगड सापडला. १७९४ साली योहान गाडोलिन यांनी त्या दगडात एक नवी 'मृत्तिका' असल्याचे दाखवले. त्या काळी धातूंच्या ऑक्साइडांना मृत्तिका म्हणत, आणि ही मृत्तिका विरळा सापडलेली. म्हणून 'विरल मृत्तिका' हे नाव पडले. पुढे या एका गावाच्या नावावरून इट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम अशा चार मूलद्रव्यांची नावे झाली. जगात दुसऱ्या कोणत्याही गावाच्या वाट्याला एवढा मान आलेला नाही.

हे नाव काहीसे फसवे आहे. या मूलद्रव्यांपैकी बरीचशी भूकवचात तशी दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ आहे ते त्यांचे एकमेकांपासून वेगळे होणे. एकाच घरातील भावंडांसारखी ती इतकी सारखी वागतात की रसायनाची कोणतीही चाळणी त्यांना सहजासहजी वेगळे करीत नाही. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स जेम्स यांनी १९११ साली शुद्ध थुलियम मिळवले, तेव्हा त्यांना सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण करावे लागले होते. आपल्या कथेचा नायक जो डिस्प्रोसियम, त्याचा शोध १८८६ साली पॅरिसमध्ये लकॉक द बुआबोद्राँ यांनी लावला. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच मुळी 'महत्कष्टाने लाभणारा' असा आहे. हा धातू शुद्ध रूपात पुरेसा मिळू लागला तो १९५० च्या सुमारास, आयनविनिमयाची पद्धत आल्यावर.

आता तराजूकडे वळू. १८९५ साली प्येर क्यूरी यांनी दाखवून दिले की समचुंबकीय पदार्थांचे चुंबकत्व तापमान वाढेल तसे त्याच प्रमाणात घटते. असे पदार्थ चुंबकाकडे किंचित ओढले जातात, पण क्षेत्र काढून घेताच सारे विसरतात. म्हणजे त्यांना चुंबकत्व आहे, पण स्मृती नाही. १९२५ साली हुंड यांनी विरल मृत्तिकांच्या आयनांचे चुंबकीय बळ नव्या पुंजविज्ञानाच्या साह्याने गणिताने काढले. ते मापनांशी आश्चर्यकारक रीतीने जुळले. फक्त समेरियम आणि युरोपियम ही दोन मूलद्रव्ये जुळेनात. त्यांचा उलगडा १९२९ साली व्हॅन व्हलेक आणि अमेलिया फ्रँक यांनी केला.

ही मूलद्रव्ये इतकी गणिताच्या शिस्तीत का वागतात? लोखंड किंवा तांबे यांच्या आयनातील चुंबकत्व निर्माण करणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या ओसरीवर बसलेले असतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा धक्का त्यांना लागतो. विरल मृत्तिकांचे इलेक्ट्रॉन माजघरात असतात. बाहेरच्या कवचांच्या आडोशामुळे त्यांची मूळ फिरत बरीचशी शाबूत राहते. म्हणूनच त्यांचे चुंबकत्व मोठे असते, आणि ते एका विशिष्ट दिशेला धरून राहण्याची त्यांची ओढही प्रबळ असते.

या दिशेच्या ओढीचा अभ्यास भारतात फार लवकर सुरू झाला. लाहोरला शांतिस्वरूप भटनागर यांनी के. एन. माथुर यांच्या साह्याने १९२८ साली चुंबकत्व मोजणारा एक अतिसूक्ष्म तराजू तयार केला आणि १९३५ साली या दोघांनी चुंबकीय रसायनावर एक ग्रंथ लिहिला. डाक्क्यास आणि नंतर कलकत्त्यास करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांनी बारीक तंतूला स्फटिक टांगून, तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये कसा वळतो हे मोजण्याची रीत सिद्ध केली. एकाच स्फटिकाचे चुंबकत्व एका दिशेला अधिक आणि दुसऱ्या दिशेला कमी असते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. आज रेणूच्या स्मृतीविषयी जे जे बोलले जाते, त्याच्या मुळाशी दिशाभेदाची हीच कल्पना आहे.

मुंबईत ही परंपरा रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत रुजली. तेथे प्राध्यापक माता प्रसाद यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह चुंबकत्व आणि रेणुरचना यांच्या संबंधावर दीर्घकाळ काम केले. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १९१७ साली स्थापन झालेले आपले कर्नाटक कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते आणि उच्च शिक्षणासाठी इकडची मुले मुंबईची वाट धरीत. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठाची स्थापनादेखील प्रथम मुंबईतच झाली आणि पुढच्या वर्षी ते धारवाडास आले. म्हणून त्या काळातील मुंबईचा विज्ञानेतिहास आपल्याला परका मानता येत नाही.

त्या प्रयोगशाळेतील कामाची साधी रीत विद्यार्थ्यांसाठी सांगतो. काचेच्या अरुंद नळीत पदार्थाची भुकटी भरायची, नळी तराजूच्या पारड्याखाली टांगायची आणि तिचे टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये सोडायचे. विद्युत्प्रवाह सुरू केला की समचुंबकीय पदार्थ किंचित जड भासतो आणि प्रतिचुंबकीय पदार्थ किंचित हलका. त्या किंचित फरकावरून रेणूच्या आतील इलेक्ट्रॉनांची मांडणी ओळखायची. असली मोजमापे दिवसचे दिवस करावी लागत. त्यातून तत्काळ उपयोगाचे काही निघत नसे. मिळे ती एक सवय : आकडा पुन्हा पुन्हा तपासण्याची.

माता प्रसाद यांच्याबरोबर या विषयावर संशोधन करणाऱ्यांत एस. एस. धर्माट्टी हे होते. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले. ब्लॉख यांना १९५२ साली अणुकेंद्रीय चुंबकत्वाच्या मापनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, अर्नोल्ड, धर्माट्टी आणि पॅकर्ड या तिघांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. साध्या अल्कोहोलमधील हायड्रोजनच्या केंद्रांकडून एक नव्हे, तीन वेगवेगळे संकेत येतात, कारण रेणूत त्यांचे शेजार तीन प्रकारचे आहेत, असे त्यात दाखवले होते. अल्कोहोलची ती तीन शिखरे आज रसायनाच्या पदवी वर्गातील प्रत्येक विद्यार्थी पाहतो. रुग्णालयातील एमआरआय यंत्रही अणुकेंद्रांच्या याच चुंबकीय अनुनादावर चालते. भारतात परतल्यावर धर्माट्टींनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा गट उभा केला. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? हा प्रश्न मी इतरांबरोबर स्वतःलाही विचारतो, कारण मला ते नाव फार उशिरा कळले.

'शेजार' हा धर्माट्टींच्या निबंधातील कळीचा विचार आपल्या पुढच्या कथेतही येणार आहे.

चुंबकाचे तुकडे करीत गेलो तर स्मृती कोठवर टिकते? लोखंडाच्या चुंबकात असंख्य अणू एकमेकांना धरून असतात. ती समूहाची स्मृती असते. तुकडा फार लहान झाला की उष्णतेच्या हिंदोळ्याने त्याची दिशा ढळते. एकटा रेणू काही लक्षात ठेवू शकेल, अशी अपेक्षा नव्हती. १९९३ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथील दान्ते गातेस्की, रोबेर्ता सेसोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती समजूत मोडली. मँगॅनीजचे बारा अणू असलेला एक रेणू १९८० साली लिस या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने बनवला होता. तो २ केल्विन तापमानाला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, आपली चुंबकीय दिशा कित्येक महिने धरून राहतो असे या मंडळींना आढळले. एकरेणवीय चुंबक ही संज्ञा पुढे अशा रेणूंसाठी रूढ झाली.

या स्मृतीचे स्वरूप समजण्यासाठी आपल्या परिसरातील एक उदाहरण घेऊ. आपण धारवाडहून गोव्याला निघालो की लोंढ्यावरून कॅसलरॉक येते आणि तेथून रेल्वे ब्रागांझा घाट उतरून कुळ्याला जाते. समजा, चुंबकाची एक दिशा म्हणजे घाटावरचा मुलूख आणि दुसरी दिशा म्हणजे घाटाखालचा. मध्ये डोंगर आहे. रेणूला दिशा बदलायची तर उष्णतेच्या बळावर तो डोंगर चढून पलीकडे उतरावे लागते. डोंगर जितका उंच, तितकी स्मृती टिकाऊ. पण दुसराही मार्ग असतो. गाडी जशी शिखरावर न जाता बोगद्यांतून निघते, तसा रेणूही पुंजविज्ञानाच्या नियमाने डोंगरातून आरपार निघून जाऊ शकतो. तेव्हा डोंगर उंच करणे आणि बोगदा बुजवणे, अशी दोन कामे रसायनशास्त्रज्ञांपुढे उभी राहिली.

येथे विरल मृत्तिका पुन्हा मंचावर येतात. २००३ साली जपानमध्ये नाओतो इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की निळ्या रंगद्रव्यांत आढळणाऱ्या थॅलोसायनीनच्या दोन चकत्यांमध्ये टर्बियमचा एकच आयन बसवला तरी तो स्वतंत्र चुंबकासारखा वागतो. बारा अणूंची गरज उरली नाही, एक पुरला. त्यानंतर लक्ष डिस्प्रोसियमकडे गेले. त्याच्या आयनात चुंबकत्वाला कारण होणारे नऊ इलेक्ट्रॉन असतात. संख्या विषम असली की, क्रेमर्स यांनी १९३० साली सिद्ध केलेल्या सिद्धान्तानुसार, बाहेरचे क्षेत्र नसताना बोगदा तत्त्वतः बंद राहतो. राहिली डोंगराची उंची. ती मात्र आयनाच्या एकट्याच्या हाती नसते, शेजाऱ्यांच्या हाती असते. चुंबकत्व पूर्णपणे एका दिशेला असते तेव्हा डिस्प्रोसियमचा इलेक्ट्रॉनमेघ भाकरीसारखा चपटा होतो. त्या भाकरीच्या वर आणि खाली ऋणभारित शेजारी घट्ट बसवले आणि कडेला दुबळे शेजारी ठेवले, तर भाकरीला कलंडणे अवघड होते. ती जागची हलत नाही, म्हणजेच रेणू आपली दिशा विसरत नाही.

नेमकी हीच रचना २०१६ साली पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत साकार झाली. रामस्वामी मुरुगवेल आणि गोपालन राजारामन या प्राध्यापकांनी संदीप गुप्ता आणि थायलन राजेशकुमार या तरुण सहकाऱ्यांसह ते काम 'केमिकल सायन्स' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या रेणूत डिस्प्रोसियमच्या वर आणि खाली फॉस्फरसयुक्त संयुगांचे दोन ऑक्सिजन आहेत. कडेच्या वर्तुळात आहेत पाण्याचे पाच रेणू. साधे पाणी! त्याच्या डोंगराची उंची ७०० केल्विनहून अधिक भरली. १२ केल्विनपर्यंत त्याची स्मृती अडवून धरलेली राहते आणि क्षेत्र झपाट्याने बदलत मोजले तर ३० केल्विनपर्यंत तिची खूण दिसते. एका गटाने स्फटिक घडवला आणि मोजला, दुसऱ्याने त्याचे गणित मांडले, आणि दोहोंचे उत्तर जुळले.

जगाची शर्यत यानंतर फार वेगाने पुढे गेली. २०१७ साली दोन कार्बनी कड्यांमध्ये डिस्प्रोसियम धरणाऱ्या रेणूने ६० केल्विन गाठले. २०१८ साली रिचर्ड लेफील्ड यांच्या गटाचा रेणू ८० केल्विनपर्यंत पोहोचला. हा टप्पा महत्त्वाचा, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो. महागड्या द्रव हेलियमऐवजी स्वस्त द्रव नायट्रोजनने भागेल अशी आशा त्यामुळे प्रथमच निर्माण झाली. २०२५ साली मँचेस्टर आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी १०० केल्विनचा पल्ला गाठला. एका रेणूत माहितीचा एक अंश साठवण्याचे स्वप्न त्यामुळे थोडे जवळ आले आहे. परंतु १०० केल्विन म्हणजेही शून्याखाली १७३ अंश सेल्सियस, हे विसरून चालणार नाही.

या शर्यतीच्या कोष्टकात मुंबईचा रेणू आज वरच्या ओळीत नाही. मग त्याचे स्मरण का करावे? मला त्याचे कारण त्या पाच पाण्याच्या रेणूंत दिसते. विक्रम करणारे कार्बनी रेणू बहुधा इतके नाजूक असतात की हवेचा वा दमटपणाचा स्पर्श होताच ते नाश पावतात. त्यांना निर्वात वा निष्क्रिय वायूच्या पेटीतच सांभाळावे लागते. मुंबईचा रेणू उघड्या हवेत टिकतो, पाण्याला तर त्याने अंगावरच घेतले आहे. टिकाऊ स्मृती आणि टिकाऊ देह या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपयोगाची वस्तू व्हायची असेल तर दोन्ही लागतात. विज्ञानाचा इतिहास केवळ विक्रमांचा लिहिला, तर ही दुसरी बाजू त्यातून निसटते.

रॉयल इन्स्टिट्यूटची काचेची नळी आणि पवईचा स्फटिक यांच्यात गुरुशिष्यांची अखंड साखळी आहे, असा माझा दावा नाही. इतिहासकाराने सोयीची वंशावळ रचू नये. परंतु प्रश्न एकच आहे : रेणूतील शेजार त्याच्या चुंबकत्वाला कसा घडवतो? तो प्रश्न एका शहरात तराजूवर तोलला गेला आणि सात दशकांनंतर त्याच शहरात नव्या साधनांनी पुन्हा तोलला गेला, एवढे निश्चित म्हणता येते.

या कथेला एक आर्थिक पैलूही आहे. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट असल्याचे १९०९ साली शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला कळले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि आलुवा येथे कारखाना उभा राहिला. मात्र आपल्या मोनाझाइटमध्ये लँथेनम, सेरियम, निओडिमियम अशी हलकी भावंडे विपुल असून डिस्प्रोसियम अत्यल्प आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींतील निओडिमियमचे चुंबक तापल्यावरही टिकावेत म्हणून त्यांत डिस्प्रोसियम मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम आणि टर्बियमसह सात विरल मृत्तिकांच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा जगभरच्या कारखानदारांची झोप उडाली. एकेकाळी केवळ जिज्ञासेपोटी तोललेल्या पदार्थांवर आज राष्ट्रांची धोरणे ठरतात. 'याचा उपयोग काय?' असे त्या काळच्या संशोधकांना विचारणाऱ्यांना काळाने असे उत्तर दिले आहे.

पवईचा निबंध ज्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्याच २०१६ साली धारवाडमध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, आणि मार्च २०२३ मध्ये चिक्कमल्लिगवाड येथील तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन झाले. ज्या शिक्षणासाठी इकडची मुले एकेकाळी मुंबईची गाडी पकडीत, ते आता केलगेरीच्या तलावाच्या आसमंतात आले आहे. पण दार जवळ आले म्हणजे ते उघडलेच असे नव्हे. प्रवेश मिळवण्यासाठी जिज्ञासा लागते आणि जिज्ञासा जागी होते ती माणसाच्या स्वतःच्या भाषेत. या शाळेतील मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, कोठे मराठी, कोठे कोंकणी, कोठे उर्दू. मी मराठीत सांगितली ती कथा आपल्या शिक्षकांनी कन्नडमध्येही सांगावी. तिच्यावर कोणा एका भाषेची मालकी नाही.

मला या सर्व अभ्यासातून एक गोष्ट विशेष जाणवली. डिस्प्रोसियमचा आयन जात्या बलवान खरा. पण त्याला स्मृती येते ती वरखाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या आधाराने. तो आधार काढला की तोच आयन क्षणात सारे विसरतो. आपल्या संशोधकांच्या नावांचेही तसेच आहे. माता प्रसाद, धर्माट्टी आणि आजचे मुरुगवेल, राजारामन यांचे काम मूळचे भरीव आहे. ते समाजाच्या लक्षात राहील की नाही, हे सभोवतालच्या शाळा, ग्रंथालये आणि नियतकालिके ठरवतील. गुरुजींनी आयुष्यभर या शाळेत तो आधार देण्याचे काम केले.  विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : आज घरी गेल्यावर या कथेतील तुम्हाला जेवढे कळले, तेवढे आपल्या शब्दांत कोणाला तरी सांगा.